दोन नोंदी, एक काम
प्रकल्पांच्या दुबार नोंदींचे एकत्रीकरण

एखादे मोठे काम अनेक माणसांनी मिळून करावयाचे म्हटले की त्या कामाची नोंद ठेवणे ओघानेच येते. कोणते काम कोणी करावयाचे, कोणते आधी व कोणते नंतर, त्यास दिवस किती लागतील आणि पैसा किती, हे कोठेतरी लिहून ठेवल्यावाचून चार माणसांचेही काम नीट चालत नाही. मग चारशे माणसांची गोष्ट बोलावयासच नको. पूर्वी ही नोंद वह्यांत आणि भिंतीवरील तक्त्यांत होत असे. अमेरिकन अभियंते हेन्री गँट (१८६१–१९१९) यांनी कामाचा प्रत्येक भाग एका आडव्या पट्टीने दाखविण्याची पद्धत रूढ केली. ती ‘गँट तक्ता’ या नावाने आजही वापरात आहे. पुढे १९५७ च्या सुमारास मॉर्गन वॉकर व जेम्स केली यांनी द्यूपाँ या रसायन-उद्योगाच्या कामासाठी, आणि १९५८ मध्ये अमेरिकन नौदलाने पोलारिस क्षेपणास्त्राच्या योजनेसाठी, कामांचे परस्परावलंबन जाळ्याच्या रूपाने मांडून त्यावर गणित करण्याच्या पद्धती तयार केल्या. आज हे सारे काम संगणकातील आज्ञावली, म्हणजे सॉफ्टवेअर, करते.

या सोयीबरोबर एक जुनीच अडचण नव्या रूपाने आली. एकच काम दोन ठिकाणी, दोन नावांनी नोंदले जाते. मतदारयादीतील दुबार नावे सर्वांच्या परिचयाची आहेत. प्रकल्पांच्या नोंदींतही तसाच प्रकार घडतो. तो कसा ओळखावा आणि दोन नोंदींची एक नोंद करताना कोणती काळजी घ्यावी, याचा विचार या पाठात करावयाचा आहे.

एक उदाहरण

समजा, एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक ग्रंथालयासाठी नवा वाचनकक्ष बांधावयाचा आहे. इमारत विभागाने संगणकात ‘नवा वाचनकक्ष’ या नावाने प्रकल्प क्रमांक ११२ उघडला. ग्रंथालय विभागास त्याची कल्पना नव्हती. त्याने ‘वाचनालय इमारत बांधकाम’ या नावाने प्रकल्प क्रमांक १८७ उघडला. पहिल्यात दहा कामे नोंदलेली आहेत, दुसऱ्यात तीस. दोहोंत बारा लाख रुपयांचे अनुदान दाखविले आहे. देखरेख करणारा अभियंता आपले तास कधी एका नोंदीत लिहितो, कधी दुसरीत, तर कधी दोहोंत.

काही महिन्यांनी ही गोष्ट कोणाच्या तरी ध्यानात येते. सर्वांत सोपा वाटणारा उपाय असा की, १८७ पुसून टाकावा आणि ११२ ठेवावा. परंतु १८७ मध्ये ग्रंथपालाने एक टिपण लिहून ठेवले आहे : ‘पूर्वेकडील भिंतीला ओल येते, कपाटे तिकडे लावू नयेत.’ हे टिपण ११२ मध्ये नाही. नोंद पुसली की टिपण गेले, आणि पहिल्या पावसाळ्यात त्याची किंमत पुस्तकांना मोजावी लागेल. म्हणून आरंभीच हे लक्षात ठेवावे की, एकत्रीकरण म्हणजे पुसणे नव्हे. दोन नोंदींत मिळून जितके ज्ञान साठलेले आहे तितके एका नोंदीत आणणे, आणि तसे करताना खरे ते गमावू न देणे व खोटे ते वाढू न देणे, याचे नाव एकत्रीकरण.

दुबार नोंद ओळखावी कशी?

पहिला प्रश्न ओळखण्याचा. नाव सारखे म्हणजे काम सारखे, असे मानता येत नाही. ‘प्राथमिक शाळा दुरुस्ती, पिंपळगाव’ या नावाच्या दोन नोंदी दोन निराळ्या पिंपळगावांच्या असू शकतील. महाराष्ट्रात या नावाची गावे अनेक आहेत, आणि उत्तरेकडे रामपूरची तीच कथा. उलट ‘जलकुंभ’, ‘पाण्याची टाकी’ आणि ‘वॉटर टँक’ ही तीन नावे एकाच टाकीची असतील. भारतासारख्या बहुभाषी देशात ही दुसरी अडचण विशेष जाणवते. अशा वेळी नावापेक्षा संकेतांक अधिक भरवशाचा ठरतो. २०११ च्या जनगणनेत प्रत्येक गावास सहा अंकी संकेतांक देण्यात आला. दोन पिंपळगावांचे नाव एक असले तरी त्यांचे संकेतांक भिन्न असतात.

लेखनातील किरकोळ फरक पकडण्यासाठी गणिती उपाय आहेत. रशियन गणितज्ञ व्लादिमिर लेव्हेनश्टाइन यांनी १९६५ मध्ये दोन शब्दांमधील ‘अंतर’ मोजण्याची रीत मांडली. एका शब्दाचा दुसरा शब्द करण्यासाठी कमीत कमी किती चिन्हे घालावी, काढावी किंवा बदलावी लागतात, ती संख्या म्हणजे ते अंतर. ‘वाचनकक्ष’ आणि ‘वाचनकक्षा’ यांत केवळ एका कान्याचा फरक आहे, म्हणून अंतर १. परंतु ‘पाण्याची टाकी’ आणि ‘जलकुंभ’ यांचा अर्थ एक असूनही त्यांतील अंतर मोठे येते. ही रीत हस्तदोष पकडते; अर्थ तिला कळत नाही.

दुसरी अडचण संख्येची. एक हजार प्रकल्प असतील आणि प्रत्येकाची इतर प्रत्येकाशी तुलना करावयाची असेल, तर जोड्या होतात १००० × ९९९ ÷ २, म्हणजे ४,९९,५००. इतक्या जोड्या माणसाने पाहणे अशक्यच. म्हणून प्रथम प्रकल्पांचे गट पाडतात, उदाहरणार्थ, तालुक्यानुसार. एक हजार प्रकल्पांचे पन्नास-पन्नासांचे वीस गट केले, तर प्रत्येक गटात ५० × ४९ ÷ २ = १,२२५ जोड्या होतात आणि एकूण जोड्या २४,५०० उरतात. श्रम सुमारे विसाव्या हिश्श्यावर आले. मात्र गटाचे लक्षणच चुकीचे नोंदले गेले असेल, तर ती जोडी कधीच समोर येणार नाही, हेही विसरू नये.

जुळणीचे वजन

या विषयाचा शास्त्रीय विचार प्रकल्पांच्या निमित्ताने सुरू झालेला नाही. तो जन्म, विवाह व मृत्यू यांच्या नोंदींतून आला आहे. अमेरिकेतील हॅलबर्ट डन यांनी १९४६ मध्ये असा विचार मांडला की, प्रत्येक माणसाच्या आयुष्याचे जणू एक पुस्तक असते आणि त्याची पाने निरनिराळ्या कचेऱ्यांत विखुरलेली असतात. ती पाने एकत्र बांधणे म्हणजे नोंदींची जुळणी. १९५९ मध्ये कॅनडातील आनुवंशशास्त्रज्ञ हॉवर्ड न्यूकोम व त्यांचे सहकारी यांनी हे काम संगणकाकडून करून घेण्याची रीत प्रसिद्ध केली. पुढे १९६९ मध्ये कॅनडातीलच इव्हान फेलेगी व ॲलन संटर यांनी तिला पक्का गणिती पाया दिला.

त्यांच्या विचाराचे सार साध्या उदाहरणाने सांगता येईल. दोन नोंदींमध्ये ‘दुरुस्ती’ हा शब्द समान आहे, याला फारसा अर्थ नाही, कारण तो शेकडो प्रकल्पांच्या नावांत असतो. परंतु दोन्ही नोंदींत मंजुरीच्या एकाच आदेशाचा क्रमांक असेल, तर ती मोठीच खूण आहे. समजा, खरोखर एक असलेल्या १०० जोड्यांपैकी ९० जोड्यांत ‘दुरुस्ती’ हा शब्द जुळतो, आणि भिन्न असलेल्या १०० जोड्यांपैकीही ३० जोड्यांत तो जुळतो. तेव्हा या जुळणीचे बळ ९० ÷ ३०, म्हणजे केवळ ३. पण गावाचा संकेतांक एक असलेल्या १०० जोड्यांपैकी ९५ मध्ये, आणि भिन्न असलेल्या १०० पैकी १ मध्येच जुळत असेल, तर त्याचे बळ ९५. दुर्मीळ गोष्ट जुळली की तिचे वजन अधिक, हे तत्त्व आपण व्यवहारातही नकळत पाळतोच.

अशा सर्व खुणांच्या वजनांचा एकत्र विचार करून जोड्यांचे तीन वर्ग करतात : निश्चित एक, निश्चित भिन्न आणि संदिग्ध. या योजनेतील खरा शहाणपणा तिसऱ्या वर्गात आहे. यंत्राने प्रत्येक जोडीविषयी ‘होय’ किंवा ‘नाही’ असे ठाम उत्तर दिलेच पाहिजे, असा हट्ट येथे नाही. जेथे पुरावा अपुरा तेथे ती जोडी माणसाकडे पाठवावी, आणि माणसाने ती कागदपत्रे पाहून किंवा प्रत्यक्ष जागेवर जाऊन ठरवावी.

दोन चुकांची तुलना

चुका दोन प्रकारच्या संभवतात. एक असलेल्या नोंदी वेगळ्या राहिल्या, ही पहिली. भिन्न असलेल्या नोंदी एक केल्या, ही दुसरी. पहिलीत श्रम वाया जातात आणि हिशेब फुगतो; परंतु चूक कळली की नोंदी पुढेही एकत्र करता येतात. दुसरीत दोन विहिरींचे पाणी एका हौदात ओतल्यासारखे होते. कोणते टिपण कोणत्या शाळेचे, कोणता खर्च कोणत्या गावचा, हे मागाहून निवडून काढणे फार कठीण. आणि दरम्यान एका गावची शाळा ‘दुरुस्त झाली’ म्हणून कागदोपत्री दाखविली गेली, तर तिच्या गळक्या छपराकडे कोणी फिरकणारही नाही. म्हणून शंका असेल तेथे नोंदी एकत्र करू नयेत. दोहोंत केवळ ‘परस्परसंबंधित’ असा दुवा घालून ठेवावा.

कामांची जुळणी आणि एक चक्र

आता आपल्या वाचनकक्षाकडे वळू. मंजुरीच्या आदेशाचा क्रमांक दोन्ही नोंदींत एकच आहे आणि जागाही एकच. तेव्हा ११२ व १८७ हे एकच काम होय, याविषयी शंका राहिली नाही. यानंतर आतील कामे जुळवावयाची. पाच कामांची नावे दोहोंकडे सारखी आढळली : आखणी, पाया, भिंती, स्लॅब आणि वायरिंग.

परंतु कामांचा क्रम एकत्र मांडताच संगणकाने हरकत घेतली. ११२ मध्ये लिहिले होते, ‘स्लॅब झाल्यावर वायरिंग’. १८७ मध्ये लिहिले होते, ‘वायरिंग झाल्यावर स्लॅब’. दोन्ही एकत्र केले की स्लॅब वायरिंगची वाट पाहणार आणि वायरिंग स्लॅबची. दोहोंपैकी कोणतेच काम कधी सुरू होणार नाही. यास चक्र म्हणतात. कामांच्या जाळ्याची क्रमवार मांडणी करून त्यात असे चक्र आहे की नाही हे शोधण्याची सोपी रीत आर्थर कान यांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध केली. ज्या कामाच्या आधी कोणतेही काम उरलेले नाही ते यादीत घ्यावे, जाळ्यातून काढावे, आणि पुन्हा तसेच करीत जावे. शेवटी काही कामे उरली आणि त्यांपैकी एकही घेता येत नसेल, तर तेथे चक्र आहे.

आता यांपैकी कोणते विधान चूक? गवंडी आणि वायरमन यांना विचारले, तेव्हा उलगडा झाला की दोन्ही बरोबर आहेत. स्लॅब ओतण्यापूर्वी विजेचे पाइप सळ्यांच्या जाळीवर बांधून घ्यावे लागतात. १८७ मध्ये ‘वायरिंग’ म्हणजे ते काम. स्लॅब झाल्यावर त्या पाइपांतून तारा ओढावयाच्या. ११२ मध्ये ‘वायरिंग’ म्हणजे हे काम. नाव एक, कामे दोन. ती ‘पाइप टाकणे’ आणि ‘तारा ओढणे’ अशी वेगळी लिहिताच चक्र नाहीसे झाले. संगणकाने हरकत घेतली म्हणून एक विधान डोळे झाकून पुसले असते, तर चक्र तेव्हाही नाहीसे झाले असते. पण त्याबरोबर एक खरे ज्ञानही नाहीसे झाले असते. खऱ्या अर्थाने समान अशी कामे म्हणून चारच उरली.

प्रत्येक रकान्याचा नियम वेगळा

यापुढे आकड्यांचे एकत्रीकरण. येथे ‘बेरीज करा’ असा एकच नियम सर्वत्र लावता येत नाही.

अनुदान : दोन्हीकडे बारा लाख रुपये आहेत, पण आदेश एकच. म्हणून एकत्रित रक्कम बारा लाखच. बेरीज करून चोवीस लाख दाखविणे म्हणजे नसलेला पैसा कागदावर निर्माण करणे होय.

कामाचे तास : ११२ मध्ये ३४० व १८७ मध्ये २१० तास आहेत, त्यांपैकी ६० तास दोन्हीकडे लिहिले गेले आहेत. म्हणून खरे तास ३४० + २१० − ६० = ४९०. दोन संचांच्या संयोगातील घटक मोजताना सामाईक घटक एकदा वजा करावे लागतात, हा शाळेतील नियम येथे जसाच्या तसा उपयोगी पडतो.

झालेले काम : ११२ मधील १० पैकी ८ कामे झाली, म्हणजे शेकडा ८०. १८७ मधील ३० पैकी ६ झाली, म्हणजे शेकडा २०. यांची सरासरी शेकडा ५० येते आणि निम्मे काम झाले असे वाटते. पण ही सरासरी फसवी आहे. चार कामे समान असल्याने एकूण कामे १० + ३० − ४ = ३६. ती चारही ११२ मध्ये पूर्ण दाखविली आहेत; १८७ मध्ये मात्र त्यांपैकी आखणी व पाया ही दोनच पूर्ण आहेत. जागेवर पाहणी केली असता भिंती व स्लॅब झालेले आढळले. म्हणून झालेली कामे ८ + ६ − २ = १२. छत्तिसांपैकी बारा म्हणजे एक तृतीयांश. निम्मे काम झाले असे समजून कोणी उद्घाटनाची तारीख ठरविली असती, तर फजितीच झाली असती.

मुदत : ११२ मध्ये ३१ मार्च आहे आणि १८७ मध्ये ३० जून. अलीकडची घ्यावी की पलीकडची, हे गणिताने ठरत नाही. मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्यास विचारूनच ते ठरवावे.

पाहण्याचा अधिकार : एका नोंदीतील निविदांचे दर मोजक्याच लोकांनी पाहावयाचे असतील, तर दोन्ही याद्यांतील सर्व माणसांना ते उघडे करून चालणार नाही. येथे संयोग घातक आहे. गोपनीय कागदांपुरते जुने बंधनच कायम ठेवावे.

जुना क्रमांक मरू देऊ नये

आता ११२ ही नोंद ठेवून १८७ बंद करावयाची आहे. परंतु १८७ हा आकडा एव्हाना पत्रांवर, देयकांवर आणि फायलींच्या पाठींवर लिहिला गेला आहे. तो सर्व ठिकाणांहून परत बोलाविता येत नाही. म्हणून बिऱ्हाड हलविताना दारावर नव्या पत्त्याची पाटी लावावी, तसे १८७ च्या जागी ‘पाहा : ११२’ एवढे ठेवावे. हा क्रमांक पुन्हा दुसऱ्या प्रकल्पास कधीही देऊ नये. विकिडेटा या मुक्त ज्ञानसंग्रहात दोन दुबार नोंदी एक केल्या की जुना क्रमांक असाच नव्या नोंदीकडे नेणारा दुवा होऊन राहतो. सॉफ्टवेअरमधील दोषांची नोंद ठेवणाऱ्या बगझिला या आज्ञावलीतही दुबार तक्रार पुसत नाहीत. तिच्यावर मूळ तक्रारीचा क्रमांक लिहून ती बंद करतात.

पुढे ११२ देखील ९५ मध्ये विलीन झाला तर? मग १८७ वरून ११२ कडे व तेथून ९५ कडे जावयाचे. ज्या नोंदीवर पुढची पाटी नाही ती अखेरची. बर्नार्ड गॅलर व मायकेल फिशर यांनी १९६४ मध्ये समान गोष्टींचे गट संगणकात याच धर्तीवर, एकीवरून दुसरीकडे नेणाऱ्या दुव्यांनी, मांडण्याची रीत प्रसिद्ध केली. मात्र ९५ वर चुकून ‘पाहा : १८७’ असे लिहिले गेले, तर शोधणारा गोल फिरतच राहील, म्हणून नवा दुवा घालण्यापूर्वी तो तपासावा.

कृतीचा क्रम

प्रत्यक्ष एकत्रीकरण पुढील क्रमाने करावे :

१. दोन्ही नोंदींची प्रत काढून सुरक्षित ठेवावी.
२. काम चालू असेतो दोहोंत नवे काही लिहू देऊ नये.
३. समान कामांच्या जोड्या माणसाकडून तपासून घ्याव्यात.
४. टिपणे, कागद, तास व खर्च नव्या नोंदीकडे वळवावेत आणि प्रत्येकावर तो मुळात कोणत्या नोंदीतला, हे लिहावे. पुढे नोंदी वेगळ्या करण्याची वेळ आली, तर याच खुणा उपयोगी पडतील.
५. आधीच्या व नंतरच्या संख्या ताडून पाहाव्यात.
६. जुन्या क्रमांकावर पाटी लावावी आणि दोन्ही विभागांस कळवावे.

यांतील चौथी पायरी मध्येच तुटता कामा नये. निम्मे कागद हलले आणि वीज गेली, तर नोंदी ना इकडच्या ना तिकडच्या राहतील. म्हणून चांगल्या माहितीसंग्रहात ‘सर्व काही, नाही तर काहीच नाही’ असा नियम असतो : सर्व बदल पूर्ण झाले तरच ते कायम होतात, अन्यथा संग्रह मूळ स्थितीवर येतो.

यंत्र जोड्या शोधते, वजने मोजते, चक्र दाखविते आणि बेरजा-वजाबाक्या बिनचूक करते. परंतु दोन ‘वायरिंग’ वेगळ्या आहेत, हे वायरमन सांगतो. भिंतीला ओल आहे, हे ग्रंथपाल सांगतो. एकत्रीकरण करणाऱ्याने संगणकापुढे बसण्यापूर्वी दोन्ही नोंदी लिहिणाऱ्या माणसांना एकत्र बसवावे. निम्मे काम तेथेच उरकते.

अभ्यास

१. २,००० प्रकल्पांमध्ये एकूण किती जोड्या होतील? त्यांचे १०० प्रकल्पांचा एक याप्रमाणे २० गट केल्यास किती जोड्या उरतील?
२. एका नोंदीत १२ पैकी ९ कामे व दुसरीत २० पैकी ५ कामे झाली आहेत. ६ कामे समान असून ती सर्व पहिलीत पूर्ण आहेत. दुसरीत त्यांपैकी २ पूर्ण आहेत. पहिली नोंद बरोबर धरल्यास एकूण किती काम झाले?
३. आपल्या शाळेच्या किंवा ग्रंथालयाच्या नोंदवहीत एकाच पुस्तकाची दोन नावांनी झालेली नोंद शोधा. त्या दोन प्रती आहेत की एकाच प्रतीची दुबार नोंद आहे, हे कोणत्या खुणेवरून ठरवाल?